उंबरा वगळून

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही असशील असं धरून चालते. धरून चालू नये, तपासून बघावं, हे तूच शिकवलंस. पण पत्राच्या पहिल्या ओळीला एवढी सूट असते.

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. हल्ली माझ्या प्रत्येक मेलला तुझं एका ओळीचं उत्तर येतं. "ठीक आहे." "बघतो." "सही कर, उशीर नको." आईला दाखवलं तर म्हणाली, "एका ओळीत बोलणाऱ्याला चार पानं पाठवावीत. लाजून तरी दोन लिहील." म्हणून ही चार पानं तुझ्या खोलीच्या पत्त्यावर. घरमालकीणबाई पत्रं वेळेवर देतात ना अजून?

आईच्या उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं. बोटं अजून आखडतात, त्यामुळे डाव्या हाताने टाइप करते आणि वर ऐकवते की हुकूम सोडणाऱ्याने घाई करूच नये. खालच्या शिंप्याने आणखी एक मशीन घेतलं आहे. ते चालू झालं की माझं टेबल थरथरतं. पायांखाली चिंध्यांच्या घड्या घातल्या, त्याही त्यानेच दिल्या. म्हणाला, "ताई, तुमचं काम बिनआवाजाचं. तुम्ही काही बिघडवलं तरी शेजाऱ्यांना पत्ता लागणार नाही." बिचारा कौतुक म्हणून बोलला. मला मात्र दिवसभर ते टोचत राहिलं. माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

मावशी येऊन गेली. जाताना दारात उभी राहून विचारते कशी, "काय गं, दिवसभर त्या खोलीत तू करतेस तरी काय?"

मी सांगितलं की लोक प्रोग्राम लिहून मोकळे होतात. ते दुसऱ्याच्या मशीनवर नीट बसावेत म्हणून कोणाला तरी ते उघडून, तपासून, बांधून, सही करून आमच्या साठ्यात ठेवावे लागतात. आमच्या मंडळीत काही पॅकेजं माझ्याकडे आहेत.

"एखादं सांग की."

"दादाचं मॉड्यूल. आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी बघितलीस ना आईकडे? तिच्या आत त्या आज्ञा ऐकणारा एक प्रोग्राम बसलेला असतो, त्याला शेल म्हणतात. शेल बरीच आहेत, प्रत्येकाची बोली निराळी. समोरचा माणूस कुठल्या शेलमध्ये बसलाय तेवढं दादाचं मॉड्यूल शोधून देतं. मग बाकीचे प्रोग्राम त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलतात."

"मग त्या माणसालाच विचारावं. एवढा खटाटोप कशाला?"

"त्याला माहीत नसतं गं. आणि मशीनमध्ये नोंद असते ती कधीची तरी जुनी. म्हणून मॉड्यूल विचारतं, मला कोणी सुरू केलं? त्याला कोणी सुरू केलं? असं वर वर चढत जातं, ओळखीचं शेल भेटेपर्यंत."

"म्हणजे पोराला न विचारता घरच्यांना विचारायचं. शहाणा आहे माझा भाचा!" आणि मग पायऱ्या उतरता उतरता, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं, "भाऊ कारखानदार आणि बहीण पुडीवाली!" तेव्हापासून आईसुद्धा मला पुडीवाली म्हणते.

आता कामाचं. इतक्या महिन्यांनी तू नवी आवृत्ती काढलीस. सही तुझी आहे, जुळते. पण बाहेर दिलेल्या गठ्ठ्यात, चाचण्यांच्या फोल्डरमध्ये, एक फाइल आहे जी तुझ्या सगळ्यांना वाचता येणाऱ्या उघड्या कोडमध्ये नाही. मोठी आहे आणि वाचता येत नाही. चाचणीसाठी लागणारा काही मसाला असेल, पण तसं कुठे लिहिलेलं नाही. तू कधी काही न लिहिता ठेवत नाहीस.

आणि एक गंमत. माझ्या बांधणीच्या खोलीत, म्हणजे त्या कोऱ्या मशीनमध्ये जिथे माणूस नाही, खिडकी नाही, बाहेरची तार नाही, तिथे तुझी एक चाचणी हमखास पडायची. शेल शोधत वर जायची, वर कोणीच नसायचं, हात हलवत परत यायची. दर वेळी मी तिला सूट लिहायचे. या वेळी पहिल्याच फटक्यात सगळ्या पास. मला आनंद व्हायला हवा होता.

घरच्या रिवाजाप्रमाणे आईच्या जुन्या मशीनवर, तिच्या उंबरा शेलमध्येही चालवून पाहिलं. आठवतं ना, दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं आणि तू शाळेतून पळून यायचास, तेव्हा आईने आपल्या दोघांना शिकवायला हे शेल स्वतः लिहिलं होतं? अजून "पूस" टाइप केलं की विचारतं, "नक्की? आईला विचारलंस?" तुझ्या मॉड्यूलच्या यादीत मोठमोठ्या शेलांच्या रांगेत अजूनही शेवटी 'उंबरा' आहे. हे कुठलं, असं लोकांनी विचारलं तर तू लिहायचास, जगात तीन माणसं वापरतात, पण फार कडक आहेत. तर उंबऱ्यात सगळं गुमान चाललं. काही तक्रार नाही.

आमच्या मंडळीतले आजोबा (वयाने नव्हेत, सगळ्यांच्या आधीपासून पॅकेजं बांधतात म्हणून) मला चिडवतात, "भावाच्या पुडीला एवढा वेळ? भांडण झालंय का?" मी म्हटलं, भावाची आहे म्हणूनच. कोणी तुझं मॉड्यूल मुद्दाम मागून घेत नाही, ते दुसऱ्या कशाच्या तरी बोटाला धरून आत शिरतं. इस्पितळं, पाण्याच्या कचेऱ्या, कोणाकोणाच्या मशीनवर ते आहे याचा पत्ता ना तुला ना मला. तेव्हा त्या फाइलचं तेवढं कळव. तोवर सही थांबवली आहे. रागावू नकोस. रागावलास तर निदान दोन ओळींत रागाव.

तुझी
चिमटी


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आलं नाही. तुझा माणूस आला.

मंगळवारी दुपारी आला. पायपुसण्यावर बूट बराच वेळ पुसत होता, घरात यायची परवानगी मिळेपर्यंत पुसतच राहिला. म्हणाला, "दादांबरोबर काम करतो. या बाजूला आलो होतो, म्हटलं घरच्यांना भेटून जावं." आईसाठी मलमाची बाटली आणली होती. "उजव्या मनगटाला लावा, दादांनी आठवणीने दिलंय." तू आयुष्यात कधी मलम विकत घेतलं आहेस? स्वतःच्या गुडघ्याला लावलं नाहीस.

आईने त्याला पाणी दिलं आणि समोर बसली. तिचं ते परीक्षकासारखं बसणं.

"कसा आहे तो?"

"मजेत. काम भरपूर, जागा शांत. बाहेर पडायला फुरसतच मिळत नाही त्यांना."

"फुरसत मिळत नाही, की पडता येत नाही?"

तो हसला. "आई आहात, काळजी करणारच."

"मग फोन का उचलत नाही?"

"आत फोन नेत नाहीत आमच्याकडे. सगळ्यांनाच नियम आहे." मग माझ्याकडे वळून, "पुडीवाली ताई तुम्हीच ना? नवी आवृत्ती साठ्यात कधी येणार?"

"तपासणी चालू आहे."

"घरचाच तर माल आहे."

"घरचा आहे म्हणून दोनदा तपासते."

"दादा म्हणालेच होते, चिमटी सहजी सोडायची नाही." पाणी पिऊन पेल्यावर झाकण नीट ठेवलं आणि उठला. जाताना जिन्यात खाली वाकून पाहिलं, मग उतरला. शिंप्याने नंतर सांगितलं की त्याची गाडी बराच वेळ समोर उभी होती. तो वर यायच्या आधीही, आणि खाली गेल्यावरही.

पुडीवाली हा शब्द मी तुला पत्रात लिहिला होता. तू त्याला ते वाचून दाखवलं असशील. हसला असाल दोघं. बहीण काय काय लिहिते बघ, असं म्हणाला असशील. तसंच असणार. आईला मी तसंच सांगितलं.  तिने खुर्ची होती तिथे सरकवली आणि म्हणाली, "बसायच्या आधी पाठीमागे दार कुठे आहे ते बघतो हा माणूस."

आता दुसरं. हे लिहिण्यासाठी मी तीन कागद फाडले आहेत.

तो गेल्यावर मला नवी आवृत्ती पुन्हा एकदा चालवून पाहायची होती, पण उंबऱ्याच्या मशीनवर आई बसली होती. हलायला तयार नव्हती, डाव्या हाताने उगाचच काहीतरी टाइप करत होती. तेव्हा मी माझ्याच मशीनवर, साध्या शेलमध्ये चालवलं. बाहेर जाणारी प्रत्येक हाक दाखवणारा पहारेकरी नेहमीप्रमाणे शेजारी लावलेला होता.

तुझं मॉड्यूल वर चढलं, शेल सापडलं, नाव सांगितलं. काम संपलं. आणि मग, दादा, ते थांबलं नाही. त्या न वाचता येणाऱ्या फाइलमधून काहीतरी उलगडलं. कोणतं शेल ते कळल्यामुळे, त्या शेलने माणसाच्या जुन्या आज्ञा कुठे साठवल्या आहेत तेही त्याला ठाऊक होतं. तो साठा उघडला, घडी केली आणि बाहेर कुठेतरी हाक मारली. माणसं घाईघाईत तिथे काय काय टाइप करतात ते आपल्याला माहीत आहे. पासवर्ड, दुसऱ्या मशीनांचे रस्ते, किल्ल्या. पहारेकऱ्याने ती हाक अडवली. मी नुसती बघत बसले. टेबल थरथरत होतं आणि मला वाटलं की शिंप्याचं मशीन चालू आहे. शिंपी दुकान बंद करून घरी गेला होता.

आता कळलं की चाचण्या का पास झाल्या. वर शेल नसलं की ते ओळखतं, इथे माणूस नाही, इथे तपासणी चालली आहे. मग पाहुणे आले की शहाण्या मुलाने बसावं तसं हाताची घडी घालून बसतं. माझी खोली कशी आहे हे त्याला ठाऊक आहे. मी कशी तपासते ते कोणीतरी त्याला नीट समजावून सांगितलं आहे.

दादा, तुझी सही करायची किल्ली कोणीतरी पळवली असणार. दुसरं काही असूच शकत नाही. त्या मलमवाल्याच्या कचेरीतल्या कोणीतरी तुझ्या मशीनवरून काढून घेतली असेल, आणि तू कामात, तुला पत्ताच नसेल. मला फक्त एवढंच लिहून दे: किल्ली चोरीला गेली. कारण नको, तारीख नको. मी ते मंडळींना दाखवते, तुझ्या अंगाला काही लागू देत नाही.

मंडळींना मी अजून काही सांगितलेलं नाही. हे मला शोभत नाही, माहीत आहे. दुसऱ्या कोणाचं मॉड्यूल असतं तर मी त्याच मिनिटाला दवंडी पिटली असती. आजोबा विचारतात, मी म्हणते बरं वाटत नाही. खोटंही नाही ते.

त्या फाइलमध्ये एक ओळ आहे. तिच्याबद्दल आत्ता लिहीत नाही. आईलाही दाखवलेली नाही. तू आधी उत्तर दे, म्हणजे त्या ओळीला काही अर्थ उरणार नाही.

लवकर लिही.

तुझी
चिमटी


३० नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा, आणि त्याच्याआधी हे पत्र उघडणाऱ्या मंडळींनो,

नमस्कार. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही, तुम्हाला त्रास नको. एकच विनंती आहे, वाचून झालं की त्याला द्या. त्यातलं त्याला ठाऊक नसलेलं फारसं काही नाही, पण आपल्या माणसाचं अक्षर बघितलं की बरं वाटतं.

दादा, परवा तो पुन्हा आला. या वेळी बूट पुसले नाहीत. आई खाली शिंप्याकडे उशीची खोळ द्यायला गेली होती, बहुतेक ते बघूनच वर आला. बसला नाही. भिंतीवरचा आपल्या तिघांचा फोटो बघत म्हणाला, "किल्ली चोरीला गेली असं तुम्हाला वाटतंय म्हणे."

दुसऱ्या पत्रात मी ते लिहिलं होतं. आता तू त्याला हसत वाचून दाखवलंस असं मला म्हणता येत नाही.

 तो म्हणाला, "तुम्ही तसं जाहीर केलंत तरी आमची हरकत नाही बरं का, ताई. चांगलंच आहे. दादांवर काही येत नाही, लोक चार दिवस हळहळतात, आपण नवी किल्ली काढतो. थोडं थांबून पुन्हा पाठवू. तेव्हा तरी अडवू नका म्हणजे झालं."

"आणि आत्ताच सही केली तर?"

"तर आणखी चांगलं. दादा घरी येतील. आठवडाभर सुट्टी आम्हीच देऊ."

"आणि दोन्ही नाही केलं तर?"

"का नाही करणार?" इतक्या मऊ आवाजात विचारलं त्याने. जसं काही मला ताप आला आहे आणि मी औषध नको म्हणते आहे.

तेवढ्यात आई जिना चढून आली. तिच्यामागे शिंपी, गळ्यात टेप, हातात ती मोठी कात्री. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. "आईसाहेब, खोळीचं माप घ्यायचं राहिलं," म्हणाला. उशीचं माप कात्रीने घेत नाहीत, हे त्या माणसालाही कळलं असावं. तो फोटोकडे आणखी एकदा बघून निघून गेला.

मग मी दार लावलं आणि आईला ती ओळ दाखवली.

तुला पाठ असेल, तरी लिहिते. साठा उघडायच्या आधी ती फाइल एकदा थांबते आणि विचारते, हे शेल उंबरा तर नाही ना? असेल तर काही न करता परत फिरते. म्हणून मी आईच्या मशीनवर चालवलं तेव्हा सगळं गुमान होतं.

आईने चष्मा लावून ती ओळ वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

मी म्हटलं, "नाव तर यादीत सगळ्यांनाच दिसतं. कोणीही बघून घातलं असेल."

"घालेल. पण कशाला घालेल?" आई म्हणाली. "ज्याला सगळी घरं लुटायची आहेत, तो हे एक कशाला सोडेल?"

"लिहून घेतलं असेल त्याच्याकडून. जबरदस्तीने. त्याला डांबून ठेवलंय आई, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय." ती स्क्रीनकडेच बघत होती. "डांबलंच असेल. पण लिहिताना त्याला आपण आठवलो ना? तसेच बाकीचेही आठवायला हवे होते."

मी तुझ्या बाजूने खूप भांडले. म्हटलं, ही खूण आहे. त्याला माहीत होतं की मी उघडून बघणार, ही ओळ वाचणार, आणि मग मला कळणार की हे त्यानेच लिहिलंय आणि तो अडकलाय. आई म्हणाली, "असेलही. खूण असेल तर ती वाचल्यावर आपण काय करू, हेही त्याला ठाऊक असणार. मीच शिकवलंय त्याला." एवढं बोलून ती उठली आणि आत जाऊन तुझ्या कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालायला लागली. घातलेल्याच घड्या.

खूण, की आपल्यापुरतं दार लावून घेणं? मी ती ओळ इतक्यांदा वाचली आहे की आता ती वाचताच येत नाही. दोन्ही असू शकतं ना रे? एकाच माणसाला एकाच क्षणी दोन्ही वाटू शकतं. मला तर गेले तीन आठवडे तसंच वाटतंय.

आम्ही पोलिसांकडे गेलो होतो. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ मेलला उत्तरं देतो?" देतो म्हटलं. "मलम पाठवतो?" हो. "मग हरवलाय कसा?" बाजूचा शिपाई म्हणाला, "आमचा भाऊ शेजारच्या गल्लीत राहतो, तो मलमही पाठवत नाही." लिहून मात्र घेतलं. तुझ्या घरमालकीणबाईंचा नंबर शोधून फोन केला तर त्या म्हणाल्या, खोली तू केव्हाच सोडलीस. तुझी पत्रं न्यायला एक गृहस्थ नेमाने येतात, फार सभ्य आहेत.

काल सकाळी मी आजोबांना आणि सगळ्या मंडळींना लिहिलं. फाइल कशी उलगडते, बांधणीच्या खोलीत गप्प का बसते, काय उचलते, कुठे नेते. मलमवाल्याबद्दल लिहिलं. सगळ्यात सोपं होतं ते, किल्ली चोरीला गेली, तेवढं लिहिलं नाही. तो खोटेपणा मीच आधी शोधला होता आणि तुला देऊ केला होता. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, झटकला आणि परत मलाच देऊ केला, तेव्हा कळलं की तो कोणाच्या कामाचा आहे. तसं लिहिलं असतं तर तू निर्दोष ठरला असतास, आणि निर्दोष म्हणून त्यांनी तुला पुन्हा कामाला लावलं असतं.

पाठवायच्या आधी आईला वाचायला दिलं. "हे बहुधा माझ्या भावाने लिहिलं आहे," असं मी लिहिलं होतं. तिने त्यातला 'बहुधा' खोडायला सांगितला. मी खोडला.

आजोबांचं उत्तर लगेच आलं. चेष्टा नव्हती. नवी आवृत्ती सगळीकडून काढली. माझ्यासारख्या ज्यांनी इतर साठ्यांसाठी ती घेतली होती त्यांनाही कळवलं. एका ठिकाणी ती पोहोचली होती, तिथली माणसं आता आपापल्या किल्ल्या बदलत बसली आहेत. आणि तुझी किल्ली रद्द केली. तिने सही केलेलं काहीही यापुढे कुठेच घेतलं जाणार नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, "तू आणि आई त्या घरात एकट्या राहू नका." आम्ही कुठे आहोत ते म्हणूनच इथे लिहीत नाही.

तेव्हा, आधी वाचणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एवढंच. त्याची सही आता कशालाच उघडत नाही. त्याला ठेवून तुमच्या हाती काही लागणार नाही. त्याला सोडून द्या.

दादा, आता तुझ्यासाठी. ती किल्ली होती तोवर तू त्यांना हवा होतास. ती मी मोडली. नको झालेल्या माणसाला लोक सोडतात, की त्याचं आणखी काही करतात, हे मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी मोडली. एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला ती सगळी अनोळखी माणसं, असं मी तोलून पाहिलं नाही. तोललं असतं तर मी तुलाच निवडलं असतं, मी मला ओळखते. म्हणून न तोलता आधी पाठवून दिलं आणि मग आईच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसले.  तिने तुझा एक सदरा माझ्या हातात दिला, घडी घालायला.

तुला राग येईल. येऊ दे. राग यायला माणूस धड असावा लागतो, तेवढा तू असावास.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. मेल नको, कागद नको, कोणाच्या हाती निरोप नको. आलं तर ते तू लिहिलंस की नाही हे मला तपासावं लागेल, आणि तुझी सही आता माझ्याही उपयोगाची राहिलेली नाही. तू स्वतः ये. मावशीला विचार, ती सांगेल आम्ही कुठे आहोत ते, पण तुझा चेहरा बघितल्याशिवाय सांगणार नाही.

तुझ्या नावापुढचा 'बहुधा' जिने खोडला
ती तुझी बहीण